वखारीतील चित्र आणि ग्रंथाचे मुखपृष्ठ

ग्रंथाचे मुखपृष्ठ हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकतो की नाही, ह्याविषयी आपल्याकडे फारसा विचार झालेला दिसत नाही. परीक्षणाच्या शेवटी ‘छपाई सुबक व मुखपृष्ठ आकर्षक’ एवढे पाच शब्द लिहिले म्हणजे परीक्षणकर्त्याचे कर्तव्य संपले, असा जणू संकेतच पडून गेला आहे. वास्तविक मुखपृष्ठ हे त्या ग्रंथावरील पहिले भाष्य असते. वाचकाने एक ओळही वाचलेली नसते, तेव्हा मुखपृष्ठाने त्याला ग्रंथाविषयी काहीतरी सांगितलेले असते. आणि ते सांगणे खरे की खोटे, उचित की अनुचित, ह्याचा निर्णय करणे हे समीक्षेचेच काम होय. आज ह्या विषयाकडे लक्ष देण्याची निकड अशासाठी की, गेल्या वीस वर्षांत हे पहिले भाष्य लिहिणारा हातच बदलत चालला आहे. मुखपृष्ठावरचे चित्र त्या ग्रंथासाठी काढलेले असेल असे आता गृहीत धरता येत नाही. पुष्कळदा ते इंटरनेटवरील एखाद्या साठ्यातून अल्प किमतीत किंवा विनामूल्य उचललेले असते. व्यवसायातील मंडळी त्याला ‘स्टॉक फोटो’ म्हणतात. आपल्या बाजारपेठेच्या भाषेत त्याला वखारीतील चित्र म्हणावयास हरकत नाही.

ही वखार कशी उभी राहिली हे प्रथम थोडक्यात पाहणे अवश्य आहे. चित्रे साठवून ती भाड्याने देण्याचा व्यवसाय इंटरनेटहून जुना आहे. बर्लिनच्या एका ग्रंथालयातील अधिकारी ऑटो बेटमन नाझी राजवटीमुळे देशत्याग करून न्यूयॉर्कला गेले आणि सोबत आणलेल्या चित्रांच्या पेट्यांवर त्यांनी १९३६ साली आपला चित्रसंग्रह स्थापन केला. वृत्तपत्रे आणि प्रकाशक त्यातून चित्रे घेत. परंतु एकेका चित्राचे मोल मोठे असे. ह्या व्यवहाराचे स्वरूप पालटले ते २००० साली कॅनडातील कॅल्गरी येथे निघालेल्या ‘आयस्टॉकफोटो’ने आणि २००३ साली न्यूयॉर्क येथे निघालेल्या ‘शटरस्टॉक’ने. शटरस्टॉकचे संस्थापक जॉन ओरिंजर ह्यांनी स्वतः काढलेल्या सुमारे ३०,००० छायाचित्रांवर दुकान मांडले आणि मासिक वर्गणी भरून चित्रे नेण्याची सोय केली. हौशी छायाचित्रकार आपली चित्रे पाठवू लागले, साठा लाखांवरून कोटींवर गेला आणि भाव कोसळले. अमेरिकेतील ‘वायर्ड’ मासिकाच्या जून २००६ च्या अंकात ह्या घसरणीचे एक बोलके उदाहरण आले होते. एका नियोजित आरोग्य-संग्रहालयासाठी व्यावसायिक छायाचित्रकाराने प्रत्येक चित्राचे १०० ते १५० डॉलर सांगितले असता तशीच चित्रे आयस्टॉकफोटोवर सुमारे एका डॉलरला मिळाली. पुढे २०१३ साली ‘अनस्प्लॅश’ने हा एक डॉलरही माफ केला, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या ‘कॅनव्हा’ने चित्र, अक्षर व मांडणी ही तिन्ही एका ठिकाणी तयार ठेवली. ज्याचे काम चित्र काढणे होते, त्याचे काम चित्र शोधणे झाले.

परंतु तयार चित्र म्हणजे काही अघटित घडले अशा भावनेने हळहळणे इतिहासाला धरून होणार नाही. मराठी मुद्रणकला तयार ठशांच्या आधारानेच वाढली आहे. गणपत कृष्णाजींच्या शिळाप्रेसपासून आणि १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागरापासून आजपर्यंत असा छापखाना विरळाच, की ज्याच्या पेटीत गणपतीचा, कलशाचा, वेलबुट्टीचा ठसा नव्हता. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत जो शिळाप्रेस काढला, आणि जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलवला, त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरात गेल्या आणि दिनदर्शिकांवर व मालाच्या वेष्टनांवरही गेल्या. एक चित्र अनेक प्रयोजनांस वापरण्याची रीत आपल्याला नवी नाही.

येथे एक भेद मात्र नीट ध्यानात घेतला पाहिजे. लग्नपत्रिकेवरील गणपती प्रत्येक पत्रिकेवर सारखाच असावा, हेच इष्ट असते. पत्रिका हाती येताच हे मंगलकार्य आहे हे कळावे आणि आपल्या घरचे कार्य चारचौघांच्या कार्यासारखेच यथासांग होत आहे ही भावना व्हावी, ह्यासाठी ते चित्र असते. पंचांगाचेही तसेच. म्हणजे जेथे परंपरेची पुनरावृत्ती हाच अर्थ असतो, तेथे तयार ठसा हे उणेपण नव्हे, तो गुणच होय. साहित्यकृतीचे प्रयोजन नेमके ह्याच्या उलट असते. एक कादंबरी दुसरीसारखी नाही, म्हणून तर ती लिहावयाची. जी कृती आपल्या वेगळेपणावर जगते तिच्या कपाळी सर्वांना चालणारा ठसा मारणे, हा कलेच्या दृष्टीने विसंवाद होय. अकराव्या शतकातील काश्मीरी पंडित क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चे’त औचित्यालाच काव्याचे जीवित मानले आणि अस्थानी घातलेला अलंकार हास्यास्पद होतो असे दाखविले. मुखपृष्ठाच्या विचारात हा जुना निकष आजही पुरेसा आहे. चित्र सुंदर आहे काय, हा प्रश्न दुय्यम. ते ह्या ग्रंथाचे आहे काय, हा मुख्य.

हा निकष लावला म्हणजे आपल्या मुखपृष्ठकारांनी काय केले होते हे उमगते. मडगावात १९१६ साली जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ अंक काढला आणि शेकडो पुस्तकांना मुखपृष्ठे दिली. रघुवीर मुळगावकरांनी मराठी घराघरांत आपली चित्रे पोचविली. मौजेच्या पुस्तकांसाठी बाळ ठाकुरांनी आणि पुढच्या पिढीत सुभाष अवचटांनी ह्या कलेला निराळे वळण दिले. ह्या सर्वांच्या शैली भिन्न होत्या. सर्वच चित्रे श्रेष्ठ होती असेही नाही. पण त्यांच्या कामाची एक पूर्वअट होती: कोणीतरी हस्तलिखित वाचून, निदान ऐकून, त्यावर विचार करून मग हातात कुंचला घेत असे. मुखपृष्ठकार हा लेखक व प्रकाशक ह्यांच्यानंतरचा पहिला वाचक असे. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकातून ‘ठणठणपाळ’ ह्या टोपणनावाने लिहीत, तेव्हा वसंत सरवट्यांनी त्या नावाला एक रूप दिले. पडद्यामागचा लेखक ज्यांना ठाऊक नव्हता, त्यांनाही ठणठणपाळाचा चेहरा परिचयाचा झाला. ते चित्र दुसऱ्या कोणत्याही सदरावर चिकटवून पाहावे. ते तेथे राहणार नाही. कारण सरवट्यांनी केवळ एका माणसाचे चित्र काढले नव्हते, त्या लेखनाचा स्वभाव वाचून तो रेषेत उतरविला होता.

ह्यावरून एक साधी कसोटी सुचते. मुखपृष्ठावरील शीर्षक आणि लेखकाचे नाव हाताने झाकावे आणि पाहावे: हे चित्र आणखी किती पुस्तकांना चालेल? पाठमोरी उभी स्त्री, धुक्यातली वाट, सुकलेले पान, मावळता सूर्य आणि त्यापुढे एकटे झाड, ही चित्रे विरहाच्या कवितांना चालतात, आत्मचरित्रालाही चालतात आणि निवृत्तीनंतरच्या ललितलेखांनाही चालतात. जे सर्वांना चालते ते कोणाचेच नसते. ही केवळ आपली व्यथा आहे असेही समजू नये. आफ्रिकेविषयीच्या इंग्रजी पुस्तकांची ३६ मुखपृष्ठे २०१४ साली एका अभ्यासकाने शेजारी शेजारी मांडून दाखविली. त्या सर्वांवर तोच केशरी सूर्यास्त आणि तेच बाभळीच्या जातीचे सपाट माथ्याचे झाड होते. नायजेरियाच्या दाट पावसाच्या, ताडांच्या प्रदेशातील कथा असो की दक्षिण आफ्रिकेच्या शहरातील, झाड एकच. एका संपूर्ण खंडाचे साहित्य एका झाडाच्या सावलीत उभे केले गेले, आणि त्या झाडाशी त्यांतील कित्येक ग्रंथांचा काडीचाही संबंध नव्हता.

असे का होते, ह्याचे कारण वखारीच्या रचनेतच आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांना ते विशेष विचारार्ह वाटावे. वखारीत चित्र डोळ्यांनी शोधावयाचे नसते, ते शब्दाने शोधावयाचे असते. आणि तो शब्द बहुधा इंग्रजी असतो. ‘ओसरी’, ‘माजघर’, ‘परसू’, ‘वेस’, ‘पाणंद’, ‘खळे’ ह्या शब्दांनी तेथे हाक मारली तर क्वचितच ओ येते. मग ओसरीचा ‘व्हरांडा’ करावा लागतो, खळ्याचे ‘शेत’ होते आणि वेशीचे ‘प्रवेशद्वार’. ह्या भाषांतरात जेवढा अर्थ उरतो तेवढ्याचेच चित्र मिळते. ‘भारतीय खेडे’ असे विचारले की पुष्कळदा समोर येतो तो राजस्थानचा रंगीत फेटा आणि वाळवंट. काळ्या रानात वेचणीला आलेला कापूस, पैनगंगेचा उतार, सागाच्या रानातली पायवाट ही आदिलाबादच्या वाचकाची नित्याची दृश्ये. ती त्या खेड्यात नसतात. आणखी एक उदाहरण तर इतके सर्वत्र झाले आहे की त्यातील विनोद आपल्याला जाणवेनासा झाला. आपल्या कविसंमेलनांच्या निमंत्रणपत्रिकांवर, काव्यसंग्रहांवर, शाळांच्या वार्षिक अंकांवर लेखनाचे चिन्ह म्हणून पांढरे पीस आणि शाईची दौत असते. ही युरोपातील पिसाची लेखणी होय. आपल्या आजोबा-पणजोबांनी बोरू तासून मोडी लिहिली. ज्ञानदेव-तुकोबांचा वारसा सांगणारा कवी मात्र मुखपृष्ठावर हंसाचे पीस घेऊन बसतो. कारण ‘लेखन’ ह्या शब्दाला वखारीने दिलेले उत्तर ते आहे, आणि बोरू हा शब्द तिला ठाऊक नाही.

आमच्या जिल्ह्याच्या बाबतीत हे उणेपण अधिकच खुपते. दिवाळीच्या सुमारास गोंड गावांतून दंडारी निघते, मोरपिसांचा भव्य शिरपेच घातलेले गुसाडी नाचतात; पुष्य अमावास्येला केसलापूरच्या नागोबाची जत्रा भरते. ह्यांची छायाचित्रे वखारीत येत नाहीत असे नाही. परंतु ‘आदिवासी नृत्य’ एवढ्या नावाखाली ती एकदा ठेवली गेली की गुसाडीचा गुसाडीपणा संपतो. उद्या ओडिशातील किंवा झारखंडातील एखाद्या कथासंग्रहावर तोच शिरपेच झळकला तर त्यात ना चित्रकाराची चूक दिसेल, ना प्रकाशकाची. नाव गेले की वस्तू कोठेही जाऊ शकते.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने मांडली पाहिजे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि किनवट, राजुरा हे ह्या जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्याकडे गेले. उरलेला मराठी भाषक आधी आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आपली भाषा सांभाळून आहे. अशा सीमेवरच्या लेखकाला पुस्तक काढावयाचे म्हणजे नांदेड, नागपूर किंवा हैदराबाद गाठणे आले. चित्राचा ब्लॉक करवून घेणे खर्चाचे. म्हणून त्याच्या पुस्तकाला कित्येकदा चित्र नसेच. जाड खिळ्यांत शीर्षक आणि भोवती वेलबुट्टीची किनार, एवढ्यावर भागवावे लागे. आज दोनशे-तीनशे प्रतींचा काव्यसंग्रह काढणाऱ्या शिक्षकाला रंगीत मुखपृष्ठ परवडते, ते ह्या वखारीमुळेच. नामवंत चित्रकाराचे मानधन देण्याची ज्याची ऐपत नाही, त्याला कलाशुचितेचा उपदेश करणे सोपे असते. ते न्याय्य नसते.

शिवाय निवड हीही एक निर्मिती आहे. कीर्तनकार निरूपणाला अभंग घेतो तो स्वतःचा नसतो, तुकोबांचा असतो. तरी कोणता अभंग कोणत्या आख्यानाला घ्यावा, कोठे थांबावे, कोणत्या शब्दावर भर द्यावा, ह्यात त्याची प्रतिभा दिसते. तद्वत् ज्याने हस्तलिखित वाचले आहे, त्याने वखारीतून शोधून आणलेले चित्रही ग्रंथाचे होऊ शकते. तेव्हा चित्र कोणी काढले, ह्यावर आमचा कटाक्ष नाही. ग्रंथ कोणी वाचला, हा आमचा प्रश्न आहे.

आणि येथेच ह्या स्वस्ताईचे खरे मर्म आहे. चित्र स्वस्त झाल्याने चित्रकाराचे रेखाटनाचे श्रम वाचले. परंतु त्या श्रमांच्या मोबदल्यातच वाचनाचा मोबदला मिसळलेला होता, तोही नाहीसा झाला. पूर्वी मुखपृष्ठासाठी जी रक्कम मिळे तीत आठ दिवस पुस्तकासोबत राहण्याची मुभा होती. आता तासाभरात मांडणी करून द्यावयाची असते, आणि तासाभरात कादंबरी वाचून होत नाही. संगणकापुढे बसलेल्या तरुणाला शीर्षक सांगितले जाते. शीर्षकातील एक शब्द तो वखारीत घालतो. पहिल्या दहा-वीस चित्रांतील एक उचलतो. त्यात त्याचा आळस नाही, त्याच्या मजुरीचे गणित आहे. चित्रे पुरविणाराही सुखी आहे असे नव्हे. जून २०२० मध्ये शटरस्टॉकने मोबदल्याची जी नवी पद्धत आणली तीत छायाचित्रकाराच्या वाट्याला एका उचलीमागे कमीतकमी दहा सेंट येण्याची तरतूद होती. म्हणजे काढणाराला मोल नाही, निवडणाराला वेळ नाही आणि लेखकाला आपल्या पुस्तकाचा पहिला वाचक नाही.

२०२२ नंतर तर शब्द सांगताच यंत्राने चित्र रचून द्यावे, इथवर मजल गेली आहे. ही यंत्रे शिकली ती पुष्कळ अंशी अशाच साठ्यांवर. शटरस्टॉकने २०२१ पासून ‘ओपनएआय’ ह्या कंपनीला आपली चित्रे त्यासाठी पुरविली. उलट ‘गेटी इमेजेस’ने आपली चित्रे विनापरवाना वापरली म्हणून २०२३ साली दुसऱ्या एका कंपनीवर दावे लावले. कायद्याचा निवाडा काहीही होवो, समीक्षेच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की, वखारीत ज्या वस्तूचे नाव नव्हते ती वस्तू त्या वखारीवर शिकलेल्या यंत्रालाही नीट येणार नाही. पिसाची लेखणी ते सफाईने काढील, बोरूपाशी अडखळेल.

मग करावे काय? तयार चित्रांवर बहिष्कार घालणे अशक्य आहे आणि अनावश्यकही. उपाय सुचतो तो ह्याच जिल्ह्याच्या इतिहासातून. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ ह्यांनी १९४० च्या दशकात मारलवाई येथे गोंडांमध्ये राहून अभ्यास केला आणि १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी काढलेली हजारो छायाचित्रे लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या-संस्थेत जतन केलेली आहेत. तोही एक साठाच. परंतु तेथे चित्राला त्याचा संदर्भ चिकटलेला आहे, लोक कोण, प्रसंग कोणता हे विचारता येते. ‘आदिवासी’ ह्या एका शब्दात सारे बुडालेले नाही. सेतुमाधवराव पगडी ह्यांनी शासकीय सेवेत असताना ह्याच प्रदेशात गोंडी आत्मसात करून तिचे व्याकरण लिहिले. एकाने चित्रे जमविली, दुसऱ्याने शब्द. आपल्याला ही दोन्ही कामे एकत्र करावयाची आहेत.

ती शाळांच्या आवाक्यातली आहेत. आज विद्यार्थ्याच्या घरी भ्रमणध्वनी असतो आणि त्याच्या आजीपाशी शब्द असतात. घरातील, शेतातील, जत्रेतील एकेका वस्तूचे छायाचित्र घ्यावे; त्याखाली तिचे मराठी नाव, गोंडी व तेलुगू नाव, गाव आणि दिनांक लिहावा; माणसाचे चित्र असल्यास त्याची संमती घ्यावी. ‘विकिमीडिया कॉमन्स’ ह्या सार्वजनिक संग्रहात २०१९ पासून चित्राला निरनिराळ्या भाषांत मथळे देण्याची सोय झाली आहे. मराठीलाही तेथे मज्जाव नाही. वर्षाकाठी शंभर शब्दांची शंभर चित्रे एका शाळेने तेथे ठेवली, तरी वखारीला ‘ओसरी’ कळू लागेल, आणि पुण्या-मुंबईच्या मुखपृष्ठकारालाही गुसाडी हवा असता गुसाडीच मिळेल.

साहित्यसंस्थांकडून तीन गोष्टींची अपेक्षा करावीशी वाटते. एक, आपल्या प्रत्येक प्रकाशनावर मुखपृष्ठाचे चित्र कोणाचे व मांडणी कोणाची, हे दोन्ही स्वतंत्रपणे छापावे. दोन, पुरस्कारासाठी व परीक्षणासाठी आलेल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठाविषयी ‘आकर्षक’ ह्या शब्दावाचून निदान दोन वाक्ये लिहावीत. तीन, जेथे योग्य चित्र मिळत नाही तेथे चित्राचा हट्टच धरू नये. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षके नुसत्या अक्षरांच्या वळणांतून बोलकी केली होती. चांगल्या अक्षरांतले साधे मुखपृष्ठ खोट्या सूर्यास्तापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. आपल्या जुन्या छापखान्यातील जुळाऱ्याने जाड खिळ्यांत लावलेले शीर्षक गरीब होते, पण ते ग्रंथाविषयी खोटे बोलत नव्हते.

लेखकाने चार वर्षे खपून लिहिलेल्या पुस्तकासाठी दुसऱ्या कोणी दोन रात्री जागून ते वाचावे, ही मागणी मोठी नाही. ती पूर्ण करणारा माणूस मिळाला, तर त्याने चित्र स्वतः काढले काय, विकत आणले काय, वाचकाला ते ओळखीचेच वाटेल. आणि तो मिळत नसेल, तर गावातल्या मराठीच्या शिक्षकाने हस्तलिखित वाचून मांडणी करणाऱ्या तरुणाशेजारी तासभर बसावे. एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.